१७ इंच, १६ तास: लांबच्या विमानप्रवासात इकॉनॉमीची सीट निवडायची कशी आणि निभवायची कशी

नात्यातलं कोणी ‘लेकाकडे न्यू जर्सीला जायचंय, जरा तिकीट बघून दे’ म्हणालं की मी आधी त्यांना खांदे मोजायला सांगतो. शिवणाच्या डब्यातली टेप घ्यायची, भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं आणि एका दंडाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या दंडाच्या कडेपर्यंत किती भरतं ते दुसऱ्या कोणाला तरी बघायला लावायचं. माझे १९ इंच भरतात, बायकोचे १६. ज्या सीटवर अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस काढायचा, तिची दोन हँडरेस्टच्या मधली रुंदी बहुतेक विमानांत १७ ते १८ इंच असते. म्हणजे बायको मावते आणि मी शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतो. शेजारीही माझ्याच मापाचा निघाला तर मुंबई ते न्यू यॉर्क आम्ही दोघं एकेक खांदा पुढे काढून बसतो, ग्रुप फोटोत बसवल्यासारखे.

लोक तिकीट काढताना भाडं बघतात, जेवण कसं मिळतं ते विचारतात, सामान किती चालतं ते दोनदा विचारतात. सीट किती रुंद, हे कोणी विचारत नाही. मी गेली काही वर्षं घरच्या आणि शेजारच्या ज्येष्ठांची तिकिटं काढून देतो. त्यातून पक्कं झालेलं मत असं की प्रवासाचं सुख-दुःख निम्म्याहून जास्त तिकीट काढतानाच ठरतं. उशा, मोजे वगैरे नंतरची डागडुजी.

पहिलं काम: विमान कोणतं ते बघा

बसचं तिकीट काढताना आपण ‘टू बाय टू आहे की थ्री बाय टू?’ असं सहज विचारतो. शिवनेरीला जास्त पैसे देतो ते फक्त एसीसाठी नव्हे, आडव्या रांगेत चारच जण असतात म्हणूनही. विमानाचंही नेमकं तसंच आहे. कंपनीचं नाव, विमानाच्या शेपटीवरचा रंग, हवाई सुंदरीचं हसू हे सगळं बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: आडव्या रांगेत किती जण?

बोइंग ७७७ घ्या. लांबच्या मार्गांवर आजही हे विमान सर्रास भेटतं. १९९५ मध्ये ते सेवेत आलं तेव्हा बहुतेक कंपन्यांनी त्यात आडव्या ९ सीटा लावल्या होत्या. नंतर एकेक करत बहुतेकांनी १० केल्या: ३-४-३. विमानाची नळी मात्र तेवढीच राहिली, आतून साधारण ५.८६ मीटर, म्हणजे २३१ इंच. आता कागदावर मांडून बघा. १० सीटा गुणिले १७ इंच म्हणजे १७०. ३-४-३ मध्ये हँडरेस्ट येतात १३. प्रत्येकी २ इंच धरले तर २६. उरले ३५ इंच, त्यात दोन वाटा. ९ सीटा असत्या तर प्रत्येकाला साडेअठरा इंच देऊनही वाटा २० इंचांच्या राहिल्या असत्या. म्हणजे दहावी सीट नुसती आपल्या बुडाखालून काढलेली नाही, वाटेतूनही काढली आहे. कडेच्या सीटवर बसलं की ट्रॉली कोपरावर का आदळते, त्याचं उत्तर या हिशेबात आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा ‘जरा सरका’ म्हणून टेकतो ना, तीच ही फोर्थ सीट. फरक एवढाच की तिथला चौथा निदान दादर-ठाण्याला उतरतो.

बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलाइनर, २०११ मध्ये प्रवाशांना घेऊन उडू लागलं. आडव्या ८ सीटांनी ते फार ऐसपैस होतं, पण बहुतेक कंपन्यांनी ९ लावल्या आणि सीट १७ इंचांच्या आसपास आली. जपान एअरलाइन्सने आंतरराष्ट्रीय मार्गांवर २-४-२ ठेवलं, आणि ती सीट खरोखरच वेगळी वाटते. एअर इंडियाची ड्रीमलाइनर ३-३-३ आहेत. इंडिगोने २०२५ च्या जुलैत मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला भाड्याच्या ७८७-९ ने सेवा सुरू केली, त्यांतही इकॉनॉमी ३-३-३.

एअरबस ए३५० आतून ७८७ पेक्षा पाचेक इंच रुंद आहे. दोन्हींत ९ सीटा धरल्या तर माणशी अर्धा इंच जास्त. अर्धा इंच ऐकायला काहीच नाही, पण बाराव्या तासाला तो कळतो. एअर इंडियाची ए३५० विमानं २०२४ पासून उडताहेत. ३१६ सीटांपैकी २६४ इकॉनॉमीच्या, ३-३-३. तरी ‘ए३५० आहे ना, मग डोळे मिटून घे’ असंही नाही. काही स्वस्त विमान कंपन्यांनी यातही आडव्या १० बसवल्या आहेत.

माझं आवडतं विमान मात्र जुनं आहे: एअरबस ए३३०, आणि त्याचीच नवी आवृत्ती ए३३० निओ. मांडणी २-४-२, सीट जवळपास १८ इंच. नवरा-बायको खिडकीकडच्या जोडीत बसले की तिसऱ्या माणसाला ओलांडायची भानगडच नाही. मधल्या सीटांचा हिशेब केलात तर आणखी मजा. ३-४-३ मध्ये १० पैकी ४ सीटा मधल्या, ३-३-३ मध्ये ९ पैकी ३, आणि २-४-२ मध्ये ८ पैकी फक्त २. उशिरा तिकीट काढणाऱ्याच्या वाट्याला मधली सीट यायची शक्यता विमान निवडतानाच किती कमी होते बघा.

राहिलं ए३८०, दुमजली. खालच्या मजल्यावर १० सीटा ७७७ सारख्याच, पण नळी आतून साडेसहा मीटर, म्हणजे २५ इंच जास्त. सीट १८ इंच किंवा किंचित वर. वरच्या मजल्यावर इकॉनॉमी असेल तर ती २-४-२ असते आणि खिडकीच्या सीटशेजारी झाकणाचा एक लांबट कप्पा मिळतो. गोळ्या, चष्मा, शाल, पुस्तक सगळं हाताशी. या विमानाचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं. मिळतंय तोवर बसून घ्या.

विमान ओळखायचं कसं? बुकिंग करताना ‘तपशील’ उघडला की विमानाचं नाव किंवा तीन अक्षरी कोड दिसतो. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८८ आणि ७८९ म्हणजे ड्रीमलाइनर, ३५९ आणि ३५१ म्हणजे ए३५०, ३३३ किंवा ३३९ म्हणजे ए३३० चं घराणं, ३८८ म्हणजे दुमजली. गूगल फ्लाइट्सवर विमानाबरोबर पायांच्या जागेचे इंचही दिसतात. सीटांचा नकाशा हवा तर एरोलोपा या संकेतस्थळावर प्रमाणात काढलेले नकाशे आहेत. खिडकी कुठे चुकली आहे तेही त्यात दिसतं.

‘लेगरूम ३१ इंच’ म्हणजे ३१ इंच पाय पसरता येतात असं नाही

सगळ्यात जास्त गैरसमज या आकड्याबद्दल आहे. याला पिच म्हणतात: तुमच्या सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात पुढच्या सीटच्या पाठीची जाडीही आली. लांबच्या मार्गांवर पिच साधारण ३१-३२ इंच असतं, क्वचित ३३-३४. हल्ली पाठी पातळ झाल्यामुळे त्याच पिचमध्ये गुडघ्याला थोडी जास्त जागा मिळते. पण पातळ पाठीबरोबर गादीही पातळ झाली, आणि त्याची पावती सातव्या-आठव्या तासाला माकडहाडाला मिळते.

पुन्हा टेप काढा. खुर्चीत पाठ टेकून बसा आणि पाठीच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा. माझं २४ इंच भरतं आणि ३१ च्या पिचमध्ये मला हलायला जागा उरते. तुमचं २५-२६ च्या पुढे जात असेल तर तुम्ही पिचच्या मागे लागा आणि जास्तीचे पैसे तिथे घाला. बाकीच्यांनी, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक ज्येष्ठांनी, रुंदीकडे बघावं. पाच फुटी मावशीला पिचने काहीच फरक पडत नाही. तिची अडचण उलटी असते, पाय जमिनीला टेकत नाहीत. त्याकडे पुढे येतो.

थेट जायचं की थांबत?

मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला थेट विमान साधारण १५-१६ तास घेतं. ‘मध्ये थांबलं की पाय मोकळे होतात’ म्हणून बरेच जण दुबईमार्गे जातात. पण हिशेब बघा: मुंबई-दुबई ३ तास, दुबई-न्यू यॉर्क १४ तासांच्या आसपास. म्हणजे थांबलात खरे, पण मोठा तुकडा मोठाच राहिला. वर मध्यरात्री विमानतळावर जागरण. युरोपात थांबलं तर मात्र ९ आणि ९ अशी जवळपास समान वाटणी होते, आणि पाठीच्या दृष्टीने तो सगळ्यात शहाणा मार्ग. फक्त ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी तपासा. आणि ज्यांना व्हीलचेअर लागते, इंग्रजी बोलायचा संकोच आहे, एकट्याने जायचंय, त्यांना मी थेटच बसवतो. मोठ्या परक्या विमानतळावर गेट शोधताना जो जीव कासावीस होतो, त्यापेक्षा पाठदुखी परवडली.

जाता जाता एक गंमत. सिंगापूर एअरलाइन्सची सिंगापूर-न्यू यॉर्क विमानं १८ तासांच्या वर उडतात आणि त्या ए३५० मध्ये इकॉनॉमी क्लासच नाही. फक्त बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी. १८ तास इकॉनॉमीत बसवायचं धाडस कंपनीलाच झालं नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

नकाशावर बोट ठेवण्याआधी

आता सीट. इथे जरा वेळ घालवा, कारण ‘पुढची चांगली, मागची वाईट’ एवढ्यावर भागत नाही.

खिडकी की कड, हा वाद प्रत्येक घरात आहे. माझा नियम साधा: साठीच्या पुढे कडेची. लघवीला तीनदा उठायचं तर दोन झोपलेल्या माणसांना ओलांडायचं म्हणजे ज्येष्ठ मंडळी पाणीच पीत नाहीत, आणि तिथून सगळ्या तक्रारी सुरू होतात. पण कडेच्या सगळ्या सीटा सारख्या नसतात. ३-४-३ मध्ये खिडकीकडच्या तिघांतली कड घेतली तर आतले दोघंही तुम्हाला उठवणार. मधल्या चौघांतली कड घेतली तर फार तर एकच जण उठवेल. दुसरा पलीकडून जाईल. मधल्या गटात खिडकी नसते म्हणून लोक ती टाळतात. मी मुद्दाम तीच घेतो.

जोडप्याने ३-३-३ मध्ये जायचं असेल तर जुनी युक्ती: एकाने खिडकी घ्यायची, दुसऱ्याने कड, आणि मधली सोडायची. एकटी मधली सीट कोणी आपणहून घेत नाही. विमान भरलेलं नसेल तर दीड सीट माणशी मिळते. भरलं तर मधला माणूस आनंदाने जागा बदलून देतो. मात्र बदलून देताना कड त्याला आणि तुम्ही दोघं आत, अशी वाटणी होणार, हे आधीच ठरवून ठेवा. नाहीतर खिडकीवरून विमानातच नवरा-बायकोची जुंपते.

सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची रांग. ‘पुढे कोणी नाही, म्हणजे मस्त’ असं वाटतं. मीही एकदा जास्तीचे पैसे देऊन घेतली. बसल्यावर कळलं की समोर सीट नाही म्हणून ट्रे आणि स्क्रीन हँडरेस्टमध्ये दडवलेले, त्यामुळे हँडरेस्ट जाड आणि वर उचलता न येणारे, आणि सीट उलट अरुंद. टेक-ऑफला पायाशी बॅग ठेवू देत नाहीत. आणि त्या भिंतीवरच तान्ह्या बाळांचे पाळणे लागतात. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक बाळ होतं, दोघंही गोड, दोघंही आळीपाळीने जागी. बाळ तुमचं असेल तर हीच रांग मागा, तीही फोन करून आणि लवकर. तुमचं नसेल तर सोडा.

आपत्कालीन दरवाजाशेजारची रांग उंच माणसांसाठी खरंच चांगली. पण तिथे ज्येष्ठांना, मुलांना, गरोदर बाईला, व्हीलचेअर मागितलेल्याला बसवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दार उघडायची वेळ आली तर मदत करणारा माणूस तिथे लागतो. काही विमानांत दाराचा फुगवटा खिडकीच्या सीटच्या पायाशी येतो आणि रात्री तिथून गार वारा लागतो. मोजे सोबत ठेवा.

टॉयलेट आणि स्वयंपाकाच्या कप्प्याजवळच्या चार रांगा टाळा: दिवा, वास, रांगेत उभ्या माणसाचा तुमच्या सीटवर टेकलेला हात. अगदी शेवटच्या रांगेत बऱ्याचदा सीट मागे जात नाही. आवाज कमी हवा तर पंखाच्या पुढे. विमान हललं की पोटात गोळा येत असेल तर पंखावर.

शेपटीकडे मात्र एक गुपित आहे. विमान मागे निमुळतं होतं, त्यामुळे ७७७-३००ईआरच्या शेवटच्या काही रांगांत खिडकीकडे तीनऐवजी दोनच सीटा असतात. दोघांची जोडी, शेजारी तिसरा नाही, आणि सीट व भिंतीच्या मध्ये एक लहान पिशवी मावेल एवढी फट. उतरायला उशीर होतो, जेवणाचा एक पर्याय तुमच्यापर्यंत येईतो संपतो. तरी नवरा-बायकोसाठी त्या विमानात मला दुसरी चांगली जागा माहीत नाही.

नकाशावर दिसत नाही अशी एक गोष्ट: स्क्रीनच्या यंत्रणेचा लोखंडी डबा काही सीटांखाली असतो आणि एका पायाची जागा खातो. प्रवाशांचे अभिप्राय वाचले तर कळतं.

पैसे कुठे घालावेत

सीट निवडायचे पैसे १६ तासांच्या प्रवासाला मी देतो, ३ तासांच्या तुकड्याला देत नाही. पुढच्या रांगांना ‘खास’ म्हणून जे जास्त लावतात ते बहुतेकदा फक्त लवकर उतरण्याचे असतात, सीट तीच. प्रीमियम इकॉनॉमी ही खरी वेगळी सीट: ७८७ मध्ये ९ ऐवजी ७ जण, ७७७ मध्ये १० ऐवजी ८, आणि पिच ३८ इंचांच्या आसपास. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना मी सांगतो, जाताना साधी घ्या आणि येताना प्रीमियम. परतीचा प्रवास जास्त बाधतो.

तिकीट काढून सीट घेतली म्हणजे काम झालं असं नाही. विमान बदललं की नकाशा बदलतो आणि तुमची निवडलेली सीट हवेत विरते. आमच्या आईची कडेची सीट अशीच एकदा मधली झाली होती. कळवलं कोणीच नाही, मी सहज बघितलं म्हणून सापडलं. म्हणून दर पंधरा दिवसांनी बुकिंग उघडून बघायचं, शेवटच्या आठवड्यात दोनदा. वेब चेक-इन निघण्याच्या २४ ते ४८ तास आधी उघडतं. त्या वेळी अडवून ठेवलेल्या काही सीटा मोकळ्या होतात. मी तेव्हा चहा घेऊन लॅपटॉपपुढे बसलेला असतो.

सीटवर बसल्यावर पहिली दहा मिनिटं

आईला घेऊन गेलो तेव्हाचा प्रसंग. कडेची सीट, आईचा गुडघा नीट वळत नव्हता, आणि वाटेकडचं हँडरेस्ट काही केल्या उचललं जाईना. ती तिरकी होऊन, पुढच्या सीटला धरून आत सरकत होती. हवाई सुंदरी आली, वाकली, हँडरेस्टच्या खाली मागच्या बाजूला, बिजागरीपाशी बोट घातलं, आणि हँडरेस्ट अलगद वर. तिथे एक लहानसं बटण किंवा खटका असतो, बोटाने चाचपावा लागतो. सगळ्या सीटांना नसतो, पण बऱ्याच सीटांना असतो. आई म्हणाली, ‘एवढं होतं तर वर लिहायला काय झालं यांना?’ मला उत्तर देता आलं नाही. टेक-ऑफ आणि लँडिंगला ते खाली ठेवावं लागतं.

डोक्यामागची उशी वर-खाली सरकते आणि तिचे दोन्ही कान आत वळतात. निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. बसल्या-बसल्या ती आपल्या उंचीला आणा. बुटक्या माणसाच्या डोक्यामागे ती वरच राहिली तर मान पुढे ढकलली जाते आणि मग ‘एसीने मान धरली’ म्हणतात.

कंपनीने दिलेली उशी डोक्याला लावू नका, कमरेत घाला. पातळ पाठीच्या सीटला कमरेचा बाक फारसा नसतो. ती पोकळी भरली की निम्मं काम झालं. त्याहून बरी एक सुती शाल, घडी करून. आणि मांडीखाली आणखी एक घडी, साधारण सहाव्या तासापासून.

आता ती पाच फुटी मावशी. पाय लोंबकळत राहिले की सीटची कड गुडघ्यामागे रुतते, पाय बधिर होतात. उपाय म्हणजे पायाखाली काहीतरी. कापड भरलेली मऊ केबिन बॅग पुढच्या सीटखाली ठेवायचीच असते. ती उड्डाणानंतर थोडी ओढून पायाखाली घ्यायची. फुगवायचं पायस्टूल ऑनलाइन मिळतं, पण अनेक कंपन्या ते वापरू देत नाहीत. बॅगेला कोणी हरकत घेत नाही.

पट्टा पांघरुणाच्या वरून लावा. नाहीतर विमान हललं की पट्टा तपासायला तुम्हाला उठवतात, तेही नेमका डोळा लागल्यावर. सीट मागे घ्यायची ती जेवण आटोपल्यावर, मागे एकदा बघून, हळू. मागच्याच्या ट्रेवर गरम चहा असू शकतो.

हवा, पाणी, पोट, पाय

विमान ३५-४० हजार फुटांवर असलं तरी आत हवेचा दाब डोंगरावरच्यासारखा ठेवलेला असतो. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो, म्हणजे शिमल्याच्याही वर. ७८७ आणि ए३५० मध्ये ६,००० च्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या टोकापेक्षा जरा उंच. नवीन विमानातून उतरल्यावर डोकं कमी जड वाटतं ते यामुळे. रुंदीत ड्रीमलाइनर मार खातं, पण इथे भरपाई करतं. हवेतला ओलावा बहुधा २० टक्क्यांच्या खालीच, तेव्हा नाकाला आत थोडं साजूक तूप लावून बसा, ओठांनाही. पाणी मागून प्या. चहा-कॉफी एखाद-दुसरीच.

दाब कमी म्हणजे पोटातला वायू फुगतो, पाव ते तृतीयांशाने जास्त जागा घेतो. म्हणून निघण्याच्या दिवशी छोले, राजमा, वाटाण्याची उसळ नको, सोडाही नको. साधा वरण-भात जेवून निघा. विमानात शाकाहारी किंवा जैन जेवण हवं तर किमान २४ तास आधी, शक्यतो तिकीट काढतानाच नोंदवा. ते सगळ्यांच्या आधी येतं. गुळपोळी, दशम्या, मेथीचा ठेपला, कोरडी चटणी सोबत चालते. लोणचं हातातल्या बॅगेत नको, तेलासकट ते सुरक्षा तपासणीत अडकतं. आणि अमेरिकेत उतरायचं असेल तर उरलेली फळं विमानातच संपवा.

पायांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ४ तासांहून जास्त एकाच जागी बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. प्रत्यक्ष प्रमाण ६,००० मध्ये एक एवढंच, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण बसूनही राहायचं नाही. जागेपणी तासाला एकदा घोटे दोन्हीकडे गोल फिरवा, टाच टेकवून चवडे उचला, चवडे टेकवून टाच उचला, वीस-वीस वेळा. दोन-अडीच तासांनी उठून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊन या. दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे औषधाच्या दुकानात पायाचं माप घेऊन मिळतात. ज्यांना आधी गुठळी झाली आहे, नुकतं ऑपरेशन झालंय, कॅन्सरचे उपचार चालू आहेत, गरोदरपण आहे किंवा हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं. ‘शेजारचे घेतात’ म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये.

पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवायची, चेक-इनमध्ये टाकायची नाही. सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्सने तर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केली आहे. फोन सीटच्या पॉइंटवर चार्ज करा आणि तो सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. दबलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

उतरायच्या आधीचा तास

बूट लँडिंगची घोषणा झाल्यावर घालायला गेलात तर जात नाहीत, पाय सुजलेले असतात. तासभर आधी घाला, नाहीतर मुळातच एक नंबर मोठे किंवा पट्ट्याचे घालून या. टॉयलेटलाही तेव्हाच जाऊन या, शेवटच्या अर्ध्या तासात रांग लागते आणि मग उठू देत नाहीत. व्हीलचेअर मागितली असेल तर बसूनच राहा. सगळे उतरल्यावर ती दाराशी येते.

आणि पुढच्या सीटच्या खिशात काहीही ठेवू नका. चष्मा, पासपोर्ट, श्रवणयंत्र, सगळं गळ्यातल्या पिशवीत. पनवेलच्या आमच्या काकांनी झोपताना कवळी काढून टिश्यूत गुंडाळली आणि ट्रेच्या कोपऱ्यात ठेवली. सकाळी नाश्त्याचे ट्रे गोळा झाले त्यात तीही गेली. काकूंनी हात वर करून, आवाज देऊन ट्रॉली थांबवली आणि इंग्रजी सुचेना म्हणून स्वतःच्या दातांवर बोट आपटून दाखवलं. हवाई सुंदरीला वाटलं यांना टूथपिक हवीय. तिने दोन आणून दिल्या. कवळी शेवटी अकराव्या ट्रेखाली सापडली. त्यानंतर काका जिथे जातील तिथे एक छोटी स्टीलची डबी बरोबर नेतात, मागे ‘कुलकर्णी’ कोरलेली, हळदी-कुंकवात आलेली.